साबणाचा कण आणि प्रथिनाची किल्ली



कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाने व्यासपीठावर उभे राहून बोनस, पगारवाढ किंवा कामगार कायदे ह्यांवर बोलावे, अशी साहजिकच अपेक्षा असते. त्यातून मी महाविद्यालयाची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. जे थोडेबहुत वाचले ते पाळी संपल्यावर, नगरवाचनालयाच्या बाकावर बसून. तरीही आज मी रसायनशास्त्राच्या इतिहासातले एक प्रकरण आपणांपुढे मांडणार आहे. ह्याचे कारण एवढेच की, ह्या प्रकरणाचा आरंभ भांडी धुण्याच्या पाण्यापासून होतो आणि त्याचा शेवट, निदान आजचा शेवट, रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीपाशी होतो. ह्या दोन्ही जागा कामकरी माणसाच्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

विषय असा. काही रेणू असे असतात की ते पाण्यात सोडले म्हणजे कोणी हात न लावता आपोआप एका ठराविक आकारात जुळून येतात. ह्या रचना अतिशय लहान असतात. त्या नॅनोमीटरमध्ये मोजतात, आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर भरते, ह्यावरून कल्पना करावी. गेल्या काही वर्षांत शास्त्रज्ञांनी अशा रचना तयार केल्या आहेत की त्या एरवी बंद पेटीसारख्या राहतात, आणि एखादे विशिष्ट प्रथिन, म्हणजे आपण ज्याला प्रोटीन म्हणतो ते, समोर आले तरच उघडतात. पोटात औषध घेऊन रक्तातून फिरणारी आणि रोगाची खूण पटल्याशिवाय दार न उघडणारी पेटी! हे ऐकताना जादूसारखे वाटते. परंतु त्यात जादू नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांची मेहनत आहे, आणि ती मेहनत कोणाकोणाची हे पाहिले म्हणजे मन थक्क होते.

जर्मनीत ब्राउनश्वाइग नावाचे शहर आहे. तेथे १९ व्या शतकाच्या अखेरीस आग्नेस पोकेल्स नावाची एक तरुणी राहत असे. तिचा जन्म १८६२ चा. तिला पदार्थविज्ञानाची विलक्षण ओढ होती. पण त्या काळी तिथल्या मुलींना विद्यापीठाचे दार बंद होते. धाकटा भाऊ विद्यापीठात गेला, आणि ती आजारी आईवडिलांची शुश्रूषा करीत घरी राहिली. भावाकडून मिळतील ती पुस्तके तिने वाचली. घरकाम करताना तेलकट आणि साबणाच्या पाण्याचा पृष्ठभाग कसा वागतो हे ती न्याहाळू लागली. तिने एक पत्र्याचे लांबट तबक घेतले, ते काठोकाठ पाण्याने भरले, आणि त्यावर आडवी पत्र्याची पट्टी ठेवली. पट्टी सरकवली की पाण्यावरचा तेलाचा थर आक्रसे किंवा पसरे. पृष्ठभागावर टेकवलेली एक छोटी चकती तराजूने वर उचलायला किती वजन लागते, ह्यावरून ती पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण मोजीत असे. एवढीच तिची प्रयोगशाळा.

१८९१ च्या जानेवारीत तिने आपली निरीक्षणे इंग्लंडमधल्या लॉर्ड रॅले ह्या थोर शास्त्रज्ञास पत्राने कळविली. रॅले ह्यांच्या पत्नीने त्या जर्मन पत्राचे इंग्रजी भाषांतर केले, आणि रॅले ह्यांनी ते छापण्याची शिफारस करून 'नेचर' ह्या नियतकालिकाकडे पाठविले. मार्च १८९१ मध्ये ते छापून आले. पुढे अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्युर ह्यांनी अशाच तबकाच्या साहाय्याने दाखवून दिले की पाण्यावरचा तेलाचा थर एका रेणूच्या जाडीचा असू शकतो, आणि त्यातले रेणू कवायतीतल्या शिपायांसारखे एका दिशेने उभे असतात. लँगम्युर ह्यांस १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तरीच्या पोकेल्सबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्ञानाच्या इमारतीत पहिली वीट लावणाऱ्याचे नाव दारावर कोरले जातेच असे नाही, हा अनुभव आम्हां कामगारांना काही नवा नाही.

आता साबणाकडे वळू. साबणाच्या रेणूला एक डोके आणि एक लांब शेपूट असते असे समजा. डोक्याला पाणी मानवते, शेपटाला मानवत नाही. अशा रेणूंचे पाण्यात काय होत असेल? ब्रिस्टल येथे काम करणारे जेम्स विल्यम मॅकबेन हे ह्या प्रश्नाच्या मागे लागले. त्यांना एक विसंगती दिसली. साबणाचे पाणी वीज चांगली वाहून नेते, म्हणजे त्यात विद्युत्भार असलेले पुष्कळ कण असले पाहिजेत. पण पाण्यात सुटे कण किती आहेत हे मोजण्याच्या ज्या रीती होत्या, त्यांनी मोजले तर संख्या अगदी थोडी निघे. ह्याचा अर्थ काय? १९१३ च्या सुमारास मॅकबेन ह्यांनी मत मांडले की साबणाचे रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, ते पुंजके करून राहतात. ह्या पुंजक्याला 'मायसेल' असे नाव आहे. असे सांगतात की, लंडनच्या एका विद्वत्सभेत त्यांनी हे मत मांडले तेव्हा अध्यक्षांनी "मूर्खपणा आहे हा, मॅकबेन!" म्हणून त्यांची संभावना केली. पुढे मॅकबेनच खरे ठरले.

ह्या पुंजक्याची रचना मोठी मौजेची आहे. सारी शेपटे आत, सारी डोकी बाहेर, असे पन्नास-शंभर रेणू गोळा होऊन एक गोळी बनते. मात्र हे गोळा होणे पाण्यातल्या रेणूंची संख्या एका ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावरच सुरू होते. त्या मर्यादेखाली सारे एकेकटे भटकत असतात. मर्यादा ओलांडली की पुंजके बांधले जाऊ लागतात. आणि ते का बांधले जातात? शेपटांना एकमेकांची फार माया असते म्हणून नव्हे. पाण्याचे रेणू आपसात घट्ट हात धरून असतात. त्या साखळीत शेपटांना जागा नसते, म्हणून ती एका बाजूला लोटली जातात आणि तेथे एकत्र येतात. चाळीत किंवा कारखान्यात माणसे प्रथम एकत्र येतात तीही पुष्कळदा प्रेमाने नव्हे, तर भोवतालच्या दाबाने, असे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. परंतु ही उपमा मी येथेच सोडतो. रेणूंना युनियन म्हणणे हा भाबडेपणा होईल. रेणूला घर नाही, कर्ज नाही, मालकाची भीती नाही, आणि मत बदलण्याची सोय तर मुळीच नाही.

ह्या मॅकबेनसाहेबांचा आपल्याशी एक जवळचा संबंध आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. स्वातंत्र्यानंतर पुण्यात पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी राहिली. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तिचे पहिले संचालक होते हेच जेम्स विल्यम मॅकबेन! अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निवृत्त झालेला, पासष्टी उलटलेला हा मनुष्य पुण्याच्या उन्हात येऊन राहिला आणि १९५२ पर्यंत त्याने नव्या देशाची नवी प्रयोगशाळा चालविली. १९५३ साली ते निवर्तले. साबणाच्या ज्या पुंजक्यापासून आजची ही सारी विद्या निघाली, तो पुंजका ओळखणारा मनुष्य पुण्यात राहून गेला, ही गोष्ट ह्या प्रांतातल्या माणसाने विसरू नये.

मायसेल हा झाला साधा गोळा. निसर्ग ह्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या वस्तू अशाच आपोआप रचतो. त्याचा रोकडा पुरावा १९५५ साली मिळाला. तंबाखूच्या पानांवर ठिपके पाडणारा एक विषाणू आहे. तो काठीसारखा असून सुमारे ३०० नॅनोमीटर लांब असतो. मध्ये आरएनएचा एक धागा, आणि त्याभोवती एकाच जातीच्या प्रथिनाच्या सुमारे २,१३० विटा, मळसूत्री जिन्यासारख्या रचलेल्या. कॅलिफोर्नियात बर्कली येथे हाइन्झ फ्रेंकेल-कॉनराट आणि रॉब्ली विल्यम्स ह्यांनी ह्या विषाणूचे धागा आणि विटा असे दोन भाग वेगळे केले, आणि मग योग्य द्रावणात ते पुन्हा एकत्र केले. काठ्या जशाच्या तशा पुन्हा उभ्या राहिल्या, आणि त्यांनी तंबाखूच्या पानाला रोगही लावला! कोणी गवंडी नाही, मुकादम नाही, हातात नकाशा घेतलेला इंजिनियर नाही. नकाशा विटेच्याच आकारात होता.

कारखान्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट पटायला वेळ लागतो. आपल्याकडे जोडकाम म्हटले की डोक्यावर फोरमन हवा. येथे फोरमन नाही, परंतु शिस्त आहे. कारण प्रत्येक सुटा भाग असा घडलेला आहे की तो आपल्या जोडीदाराशीच बसतो, दुसऱ्याशी बसत नाही. ह्या ओळखीची कल्पना त्याहून जुनी आहे. एमिल फिशर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच सांगून ठेवले होते की, शरीरातले विकर आणि ते ज्या पदार्थावर काम करते तो पदार्थ ह्यांचे नाते कुलूप आणि किल्लीसारखे असते. आमच्या ह्या प्रकरणाचे दोन धागे असे आहेत: एक मॅकबेनचा पुंजका आणि दुसरा फिशरची किल्ली. हे दोन धागे एकत्र गुंफायला मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

मधल्या काळात पुंजक्याची पेटी झाली. १९६० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम येथे अॅलेक बँगहॅम हे मेदाचे काही रेणू पाण्यात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. ह्या रेणूंना एक डोके आणि दोन शेपटे असतात. त्यामुळे त्यांची भरीव गोळी न होता दुपदरी पडदा होतो, आणि तो पडदा स्वतःशीच मिटून त्याचा पोकळ फुगा बनतो, असे त्यांना दिसले. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीची भिंतही अशाच दुपदरी मेदाची असते. ह्या फुग्यांना पुढे 'लिपोसोम' हे नाव पडले. पोकळ फुगा म्हटला की त्यात काही भरावे असे माणसाच्या मनात यायचेच. औषध भरून हा फुगा रक्तात सोडण्याचे प्रयत्न १९७० नंतर सुरू झाले, आणि १९९५ साली कर्करोगावरचे अशा फुग्यात भरलेले एक औषध अमेरिकेत मान्य झाले.

परंतु फुगा आंधळा असतो. आपण कोठे पोचलो हे त्याला कळत नाही. ही उणीव किती मोठी आहे हे कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी विचारावे. परळच्या गिरण्यांच्या वस्तीत १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले. त्याच्या आसपासच्या पदपथांवर गावोगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक आजही मुक्काम करून असतात. त्यांना औषधाच्या आंधळेपणाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारणारे औषध कर्कपेशींबरोबर केसांच्या मुळांना, तोंडातल्या आणि आतड्यातल्या अस्तरालाही मारते. शत्रूच्या घराबरोबर शेजारचे घरही जळते. म्हणून प्रश्न असा उभा राहिला की, औषधाच्या पेटीला शत्रूचे घर ओळखता येईल काय? आणि पेशीची ओळख तर तिच्या प्रथिनांत असते. ताप साऱ्या अंगाला येतो, आम्लता अनेक ठिकाणी वाढते. परंतु अमुक एक प्रथिन अमुक पेशीच्या अंगावर भरपूर असते आणि इतरांच्या अंगावर नसते किंवा फार थोडे असते. म्हणजे पेटीला किल्ली लावायची तर ती प्रथिनाचीच असली पाहिजे.

ही गाठ मारली गेली ती आपल्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात इतारु हामाची आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००९ साली एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी असे रेणू घडविले की ज्यांच्या एका टोकाला विशिष्ट प्रथिनाला आवडणारा तुकडा होता, आणि दुसऱ्या बाजूला फ्लोरीन अणू होते. पाण्यात हे रेणू जुळून पुंजके करीत. फ्लोरीनचा चुंबकीय संदेश यंत्राने टिपता येतो, पण पुंजक्याच्या गर्दीत तो दबून जातो आणि यंत्राला काहीच ऐकू येत नाही. नेमके प्रथिन आले की ते आपल्या आवडीचा तुकडा पकडते, पुंजका फुटतो, आणि फ्लोरीनचा आवाज एकदम ऐकू येऊ लागतो. प्रथिन नसेल तर शांतता, असेल तर हाक. रोगाचा माग काढण्याची ही एक नवी रीत झाली.

पुढच्याच वर्षी, २०१० साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात काम करणारे मूळचे तमिळनाडूचे रसायनशास्त्रज्ञ शंकरन तायुमानवन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी झाडाच्या फांद्यांसारखे फाटे फुटलेले रेणू घेऊन मायसेलसारख्या पेट्या केल्या. त्यांच्या आत त्यांनी पाण्यात न विरघळणारा पदार्थ कोंडला, आणि रेणूवर विशिष्ट प्रथिन पकडणारा तुकडा बसविला. प्रथिन येऊन चिकटले की त्या रेणूचा सारा तोल बिघडे. प्रथिन म्हणजे पाण्याला मानणारे भले मोठे धूड. ते गळ्यात पडल्यावर पाण्याला मानणारी बाजू फार जड होई, पुंजका टिकत नसे, आणि आत कोंडलेला पदार्थ सुटा होई. पाण्याला मानणारी आणि न मानणारी बाजू ह्यांचा तोल! १९१३ च्या सुमारास मॅकबेन ज्याच्या मागे होते तोच हा तोल. शंभर वर्षे होत आली तेव्हा त्याला फिशरची किल्ली बसली.

ह्याच सुमारास दुसऱ्या वाटेनेही माणसे तेथेच येऊन पोचत होती. ती वाट डीएनएची. डीएनएच्या दोन धाग्यांतली अक्षरे ठरल्याप्रमाणे जोडीनेच बसतात हे आपण शाळेत शिकतो. आनुवंशिकतेचा हा धागा बांधकामाचा माल म्हणून वापरता येईल, ही कल्पना अमेरिकेतील नेड सीमन ह्यांनी १९८२ साली मांडली. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील पॉल रोथेमंड ह्यांनी एका विषाणूचा सुमारे ७,००० अक्षरांचा लांब धागा घेतला आणि त्याला जागोजागी टाके घालणारे दोनशेहून अधिक आखूड धागे पाण्यात मिसळले. ते मिश्रण तापवून सावकाश थंड केले की लांब धागा आपोआप घडी पडून हवा तो आकार घेई. कागदाच्या घड्यांनी पक्षी करतात तसे हे काम म्हणून त्याला जपानी 'ओरिगामी' हे नाव मिळाले.

पेटी झाली, आता कुलूप. १९९० साली अमेरिकेतल्याच दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी एक रीत शोधून काढली. त्यांपैकी एका ठिकाणी क्रेग ट्युर्क आणि लॅरी गोल्ड होते, दुसऱ्या ठिकाणी अँड्र्यू एलिंग्टन आणि जॅक शोस्टाक. अक्षरांचा क्रम वेगवेगळा असलेले असंख्य आरएनए धागे एकत्र घ्यायचे, आपल्याला हव्या त्या रेणूशी जे चिकटतील तेवढे ठेवायचे, बाकीचे धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या, आणि पुन्हा चाळण लावायची. अशा अनेक फेऱ्यांनंतर त्या रेणूला घट्ट पकडणारे मोजके धागे हाती लागतात. त्यांना 'अॅप्टामर' म्हणतात. १९९२ मध्ये रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिन ह्या प्रथिनाला धरणारा अवघ्या १५ अक्षरांचा डीएनए धागा मिळाला. धान्य चाळणाऱ्या बाईला ही रीत समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

२०१२ साली हार्वर्डमध्ये शॉन डग्लस, इडो बाशेले आणि जॉर्ज चर्च ह्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. सुमारे ४५ नॅनोमीटर लांबीचे एक षट्कोनी डीएनएचे पिंप, त्याला बिजागरी आणि दोन कुलपे. प्रत्येक कुलूप म्हणजे अॅप्टामर आणि त्याचा जोडीदार धागा ह्यांची मिठी. अॅप्टामरला त्याचे प्रथिन भेटले की तो जोडीदाराला सोडून प्रथिनाला धरतो, आणि कुलूप निघते. दोन कुलपांना दोन वेगळी प्रथिने लागतील असेही करता येते. म्हणजे दोन्ही खुणा पटल्याशिवाय दार उघडायचे नाही. आपल्या बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात त्यातलाच हा प्रकार. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर ही पिंपे बरोबर चालली. २०१८ मध्ये बीजिंगच्या आणि अमेरिकेतील अॅरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. डीएनएच्या ९० बाय ६० नॅनोमीटरच्या चटईची त्यांनी गुंडाळी केली आणि तिच्या पोटात थ्रॉम्बिन लपविले. न्यूक्लिओलिन नावाचे प्रथिन गाठीतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर आढळते. ते भेटले की गुंडाळी उलगडे, थ्रॉम्बिन उघडे पडे, गाठीची रक्तवाहिनी तुंबे, आणि गाठीचा रसद-पुरवठा बंद होई. उंदरांच्या गाठींवर त्याचा चांगला परिणाम दिसला.

येथे थोडे थांबले पाहिजे. उंदीर बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला असे नव्हे. रक्तात हजारो प्रकारची प्रथिने असतात. बाहेरची वस्तू आत शिरली की ती तिच्या अंगाला चिकटतात आणि तिची कुलपे झाकून टाकतात. रक्तातली विकरे डीएनएचे धागे कातरतात. यकृत परक्या कणांना गाळून काढते. प्रथिनाच्या किल्लीने उघडणाऱ्या ह्या ज्या पेट्या मी वर्णन केल्या त्या प्रयोगशाळेत आहेत, औषधाच्या दुकानात नाहीत. उद्या कोणी आपणांस 'नॅनो' असा शब्द छापलेली बाटली विकायला आला तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

परंतु मौज अशी की, प्रथिनाला प्रतिसाद देणारी एक आपोआप जुळलेली रचना खरोखरच औषध होऊन बसली, आणि ती काहीशी आडवाटेने. मेदाच्या सूक्ष्म कणांत आरएनए भरून रक्तात सोडले की ते मोठ्या प्रमाणात यकृतात जाते, असे दिसत होते. का जाते? २०१० साली उलगडा झाला. रक्तात अपोलिपोप्रोटीन-ई नावाचे एक प्रथिन असते. ते ह्या कणांच्या अंगावर येऊन बसते, आणि यकृताच्या पेशी आपल्या नेहमीच्या ओळखीच्या पाहुण्याला दार उघडावे तसे त्याला दार उघडतात. म्हणजे किल्ली रक्तातच होती. कणाने ती वाटेत उचलली. ह्या तत्त्वावर चालणारे पॅटिसिरान नावाचे औषध मज्जातंतूंच्या एका दुर्मिळ आनुवंशिक रोगावर अमेरिकेत ऑगस्ट २०१८ मध्ये मान्य झाले. त्याची जाहीर केलेली किंमत होती एका रुग्णाला वर्षाकाठी साडेचार लाख डॉलर.

श्रोतेहो, मी आतापर्यंत रेणूंविषयी बोललो. आता हा आकडा आला तेव्हा माणसांविषयी बोलणे भाग आहे. साडेचार लाख डॉलर! एखाद्या कारखान्यातल्या कामगाराने जन्मभर पाळ्या केल्या तरी ही एका वर्षाची रक्कम साठणार नाही. शोधाला खर्च येतो, अनेक प्रयोग वाया जातात, हे मला मान्य आहे. फुकट काम कोणी करावे असे म्हणणारा मी तर शेवटचा मनुष्य. परंतु पोकेल्सबाईंच्या तबकाचे, बाब्राहॅमच्या फुग्यांचे, १९५५ च्या तंबाखूच्या पानांचे पैसे ह्या किंमतीत कोणाला पोचतात? ज्ञानाचा फार मोठा भाग सार्वजनिक पैशावर आणि कित्येकांच्या बिनपगारी कष्टांवर उभा राहतो. शेवटची वीट लावणाऱ्याने साऱ्या इमारतीचे भाडे घ्यावे, हा हिशेब तपासायला नको काय?

आणि हा प्रश्न काही फक्त अमेरिकेचा नव्हे. आपल्या परळचेच पाहा. अँफोटेरिसिन-बी हे बुरशीच्या भयंकर रोगांवरचे जुने औषध आहे; पण ते मूत्रपिंडाला इजा करते. तेच लिपोसोमच्या फुग्यात भरले की इजा पुष्कळ कमी होते. परदेशी कुपी महाग. तेव्हा दिल्ली विद्यापीठात बिमलकुमार बच्छावत ह्यांची प्रयोगशाळा आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांचे सहकारी, ह्यांनी मिळून हे फुग्यातले औषध आपल्या देशात तयार केले आणि रुग्णांवर तपासून पाहिले. महानगरपालिकेच्या रुग्णालयात, गिरणगावाच्या मधोमध, हे काम झाले. मला ह्या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

तरीही २०२१ च्या मे महिन्यात काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. कोरोनातून उठलेल्या माणसांना काळ्या बुरशीने गाठले, आणि महाराष्ट्र त्यात सर्वांत जास्त पोळलेल्या राज्यांपैकी एक होता. नेमके हेच फुग्यातले अँफोटेरिसिन दिसेनासे झाले. मागणी एकाएकी अनेक पटींनी वाढली आणि बनविणारे होते मोजके. मुंबई उच्च न्यायालयापर्यंत हा प्रश्न गेला. आमच्या युनियनच्या एका सभासदाच्या थोरल्या भावासाठी आम्ही सात जणांनी दोन दिवस पाच शहरांत फोन फिरविले तेव्हा कुठे सहा कुप्या मिळाल्या, आणि डॉक्टरांनी तर रोज अनेक कुप्या सांगितल्या होत्या. त्यांचा डोळा गेला, जीव वाचला. पुष्कळांचा तोही वाचला नाही. १२ जून २०२१ रोजी सरकारने ह्या औषधावरचा कर शून्यावर आणला. चांगले केले, पण तोपर्यंत कित्येक घरांत दिवा विझला होता.

ह्यात विद्येचा दोष नव्हता. विद्या होती, परळातच होती. मेदाचे रेणू त्या महिन्यातही पाण्यात सोडले असते तर नेहमीसारखेच निमूटपणे जुळले असते. जुळले नाही ते बाकीचे: माल कोणी साठवायचा, कारखाना कोणी उभा ठेवायचा, भाव कोणी ठरवायचा आणि कुपी कोणाच्या हाती प्रथम द्यायची. ह्या गोष्टी पाण्यात सोडल्याने आपोआप जुळत नाहीत. त्यांना माणसेच लागतात, आणि माणसांना बोलावे लागते, भांडावे लागते, कधी एकमेकांचे ऐकूनही घ्यावे लागते.

प्रथिनाच्या किल्लीने उघडणाऱ्या पेट्या आज ना उद्या माणसाच्या रक्तात फिरू लागतील, अशी मला आशा आहे. त्या दिवशी वर्तमानपत्रात मोठे मथळे येतील. तेव्हा आपण नागरिकांनी तीन साधे प्रश्न विचारावे. ही विद्या कोणाकोणाच्या पैशावर आणि कष्टांवर वाढली? ती येथे तयार होईल काय? आणि औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला ती कोणत्या भावाने मिळेल? हे प्रश्न विचारायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. मात्र ते एकट्याने विचारून भागत नाही. साबणाच्या रेणूंचे आपण पाहिले की, ठराविक संख्या भरल्याखेरीज काहीच घडत नाही. मघाशी सोडून दिलेली उपमा मी एवढ्यापुरती पुन्हा उचलतो आणि आपली रजा घेतो.